बंद आणि मास्क यांवर सभा घ्यायची असेल तर

‘लॉकडाऊन हवा की नको’ आणि ‘मास्क लावायचा की नाही’ हे प्रश्न या शब्दांत सभेपुढे कधीच ठेवू नका. असे विचारले की सभेचे दोन तट पडतात आणि मग शेवटपर्यंत कुणी कुणाचं ऐकत नाही. कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, महाराष्ट्रात हेच झालं. दुकानदार सांगत होता की चार वाजता शटर पाडलं तर गाळ्याचं भाडं सुटत नाही. डॉक्टर सांगत होते की ऑक्सिजनचे बेड संपत आले. दोघंही खरं बोलत होते, पण दोघांपुढचे प्रश्न वेगळे होते आणि ते वेगळे काढून फळ्यावर लिहायला कुणी नव्हतं.

पुढची साथ येईल तेव्हा ग्रामसभा, सोसायटीची सर्वसाधारण सभा, शाळा व्यवस्थापन समिती किंवा व्यापारी संघ यांपैकी कुठेतरी हा वाद पुन्हा होणार. ती सभा कशी घ्यायची, कोणते आकडे आणायचे आणि ठराव कसा लिहायचा, ते इथे सांगितलं आहे. हे सगळं श्वासावाटे पसरणाऱ्या साथीसाठी आहे. डेंग्यू किंवा कॉलऱ्याला मास्कचा उपयोग नाही, तिथे वाद पाण्याचा आणि डासांचा.

आधी अधिकार तपासा

सक्तीचे निर्बंध लावण्याचा अधिकार सभेला नसतो. तो १८९७ च्या साथरोग कायद्यातून आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून येतो आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वापरला जातो. म्हणून सभेच्या आधी त्या आठवड्याचा चालू आदेश मिळवा, त्याची छापील प्रत आणा आणि पहिल्या पाच मिनिटांत वाचून दाखवा. काय आधीच ठरलेलं आहे आणि काय आपल्या हातात आहे, हे कळलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आपल्या हातात काय असतं? बाजार कुठे भरवायचा, सभागृह द्यायचं की नाही, लिफ्टमध्ये किती माणसं, पंचायतीच्या कार्यालयात मास्क, स्वेच्छेचा बंद. रस्ता अडवणं आपल्या हातात नसतं. २०२० च्या वसंतात अनेक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. अशा वाटेवर बाहेरचा माणूस अडतोच, पण बाळंतपणाला निघालेली बाई आणि दुधाची गाडीही अडते.

१८९७ चा कायदा आला तो मुंबईत १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगमुळे. १८९७ मध्येच पुण्यात सैनिकांकडून घरझडत्या झाल्या, लोक चिडले आणि २२ जूनच्या रात्री प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली गेली. रोग्याला वेगळं ठेवणं हा वैद्यकीय विचार होता, पण देवघरापर्यंत बूट घालून शिरणं त्या विचाराचा भाग नव्हता. निर्बंध कोणता हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कोण आणि कशा रीतीने अमलात आणतो हेही. सभेत हा मुद्दा वेगळा मांडा.

कुणाला बोलवायचं

ज्याचं पोट बंदमुळे थांबतं आणि ज्याचा जीव साथीमुळे जातो, हे दोघंही समोर हवेत. भाजीवाली, हमाल, रिक्षावाला, घरकाम करणाऱ्या मावशी, सलूनवाला, किराणा दुकानदार एका बाजूने. आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, साठीपुढची दोन-तीन माणसं, डायलिसिस किंवा कर्करोगाच्या उपचारावर असलेल्या घरातलं एखादं माणूस दुसऱ्या बाजूने. शाळेतले एक शिक्षक आणि आठवी-नववीतल्या मुलांचे पालक हवेतच. सोसायटीत घरकामाच्या मावशींवर बंदी घालायचा ठराव मावशींना न विचारता होतो, आणि नेमका तोच सगळ्यांत कच्चा निघतो, कारण त्यांचा महिन्याचा पगार चालू राहणार की नाही हे ठरलेलंच नसतं.

सभा उघड्यावर घ्या: शाळेचं मैदान, देवळाचं पटांगण, गच्ची. वेळ संध्याकाळची, दीड तास. बंद हॉलच मिळाला तर आधी हवा मोजा. हॉल १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच असेल तर आत १८० घनमीटर हवा आहे. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर ताशी १,०८० घनमीटर लिहिलं असेल तर तासाला सहा वेळा हवा बदलते. हे चांगलं आहे, पण समोरच्या बाजूची खिडकी उघडी असेल तरच. खिडक्या बंद असतील तर पंखा नुसता फिरतो. कार्बन डायऑक्साइडचा मीटर मिळाला तर मधोमध ठेवा. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२०, असतो. हॉलमध्ये ८०० च्या आत राहिला तर हवा खेळती आहे. १,५०० च्या वर गेला तर तुम्ही एकमेकांचा श्वास घेत आहात, दारं उघडा किंवा सभा बाहेर न्या. छताचा पंखा आणि साधा एसी तीच हवा घुसळतात, नवी आणत नाहीत.

कोणते आकडे आणायचे आणि ते कुठे फसवतात

तीन आकडे पुरतात: शंभर चाचण्यांत किती बाधित (यालाच पॉझिटिव्हिटी म्हणतात), तालुक्यातले ऑक्सिजनचे किती बेड भरलेले, आणि हे दोन्ही गेल्या आठवड्यापेक्षा वर की खाली. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्याने याच दोन आकड्यांवर पाच पातळ्या ठरवल्या होत्या. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले असतील तर पहिली पातळी, म्हणजे जवळपास सगळं खुलं. पॉझिटिव्हिटी तेवढीच पण बेड २५ ते ४० टक्के भरलेले असतील तर दुसरी. ५ ते १० टक्के किंवा बेड ४० टक्क्यांवर, तर तिसरी. १० ते २० किंवा बेड ६० वर, तर चौथी. पॉझिटिव्हिटी २० च्या वर किंवा बेड ७५ टक्क्यांवर गेले की पाचवी.

त्या वेळच्या आदेशांपैकी हा आमच्या मते सगळ्यांत समंजस, कारण दुकान कधी उघडेल याचं उत्तर दुकानदाराला स्वतः काढता येत होतं. तीनच आठवड्यांत, २५ जूनला, डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने राज्याने सगळ्यांना किमान तिसऱ्या पातळीवर, म्हणजे चारला शटर, आणलं, आठवड्याची पॉझिटिव्हिटी काहीही असो. धास्ती निराधार नव्हती. पण आकडे खाली आणूनही शटर चारलाच पडणार म्हटल्यावर व्यापारी रस्त्यावर आले. २ ऑगस्टला २५ जिल्ह्यांना सूट मिळाली आणि ११ जिल्हे मागे राहिले. एकदा सांगितलेला निकष मध्येच काढून घेतला की पुढच्या निकषावर कुणी विश्वास ठेवत नाही. तुमच्या ठरावात निकष घालाल तो बदलावा लागला तर कारण लिहून, सभा घेऊन बदला.

आता आकड्यांतल्या खाचा. पॉझिटिव्हिटी कमी दाखवायची असेल तर लक्षणं नसलेल्या लोकांच्या झटपट अँटिजेन चाचण्या वाढवल्या की झालं, भागाकारातला खालचा आकडा फुगतो. म्हणून २५ जूनच्या आदेशात फक्त आरटीपीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी, धरा असं सांगितलं गेलं. सभेत विचारा: किती चाचण्या, कोणत्या प्रकारच्या, कुणाच्या? सोमवारचा आकडा कधीच वापरू नका. रविवारी चाचण्या कमी होतात, सोमवारी साथ ओसरल्यासारखी दिसते. सात दिवसांची सरासरी काढा.

उशीर ही सगळ्यांत मोठी खाच. मूळ कोरोनात संसर्गापासून लक्षणांपर्यंत साधारण पाच दिवस जात, मग चाचणी आणि अहवालाला दोन-तीन दिवस, दुसऱ्या आठवड्यात धाप, आणि मृत्यू त्याही नंतर. म्हणजे आज केलेल्या उपायाचा परिणाम रुग्णसंख्येत दिसायला दहा ते चौदा दिवस लागतात, मृत्यूंत दिसायला तीन ते चार आठवडे. महाराष्ट्रात १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून निर्बंध कडक झाले आणि १८ एप्रिलला एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्यावरून ‘बंद करूनही वाढले, म्हणजे बंद फसला’ म्हणणं चूक, कारण ते लोक १४ तारखेच्या आधीच बाधित झालेले होते. मे महिन्यात साथ उतरली ती सगळी बंदमुळेच, हे म्हणणंही तितकंच घाईचं. तोवर असंख्य लोकांना होऊन गेलं होतं आणि उरलेले भीतीने आपणहून घरात बसले होते. दोन्ही बाजूंनी हा आलेख फडकवला जाईल, दोघांनाही थांबवा.

दुपटीचा हिशेब फळ्यावर करून दाखवा. रोज १० रुग्ण आहेत आणि पाच दिवसांत दुप्पट होतात. पाच दिवसांनी २०, दहाव्या दिवशी ४०, पंधराव्या दिवशी ८०. ‘आणखी दहा दिवस पाहू’ म्हणजे चौपट झाल्यावर पाहू. तालुक्यात ऑक्सिजनचे ५० बेड असतील आणि दर शंभरात पाच जणांना आठ दिवस ऑक्सिजन लागत असेल, तर रोज ८० रुग्ण झाल्यावर रोज चार नवे लोक येतात, आणि एका वेळी ३२ बेड अडकतात. आणखी पाच दिवसांनी ६४ लागतील. आकडे तुमच्या भागाचे टाका, रीत हीच.

‘मरतात किती, शंभरात अर्धासुद्धा नाही’ हा मुद्दा येणारच, आणि तो उडवून लावू नका. मृत्यूंना नोंदलेल्या रुग्णांनी भागलं तर एक आकडा येतो, खऱ्या बाधितांनी भागलं तर फार छोटा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर भागांतल्या तीन वॉर्डांत जवळपास ७,००० लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, निघाली. म्हणजे नोंदीत नसलेले बाधित प्रचंड होते आणि मृत्यूचं प्रमाण वाटत होतं त्याहून कमी होतं. पण त्याच तपासणीने दुसरंही दाखवलं: तीन महिने कडक बंद असूनही सार्वजनिक संडास आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना बंदने वाचवलं नाही, इमारतीतल्यांना बरंच वाचवलं. बंदचा खर्च आणि बंदचा फायदा वेगवेगळ्या घरांत जातो. हे वाक्य फळ्यावर कायम राहू द्या.

स्थानिक मृत्यू मोजण्याची सगळ्यांत भरवशाची वही पंचायतीतच असते: जन्म-मृत्यू नोंदवही. आधीच्या तीन वर्षांत याच महिन्यात किती मृत्यू नोंदले, त्याची सरासरी काढा आणि चालू महिन्याशी ताडून पाहा. कारण काय लिहिलंय याकडे पाहू नका, एकूण मोजा. एक काळजी घ्या: मृत्यू नोंदवायला २१ दिवसांची मुदत असते, त्यामुळे शेवटचे तीन आठवडे नेहमी अपुरे दिसतात. ते सोडून द्या.

‘बंद’ हा एक शब्द पाचांत फोडा

कोणती जागा, कोणत्या वेळात, किती दिवस, खर्च कुणावर, आणि कधी उठणार. प्रत्येक प्रस्तावापुढे ही पाचही उत्तरं लिहिली जाईपर्यंत मतदान नाही.

जागेचा प्रश्न पहिला, कारण धोका सगळीकडे सारखा नसतो. मैदानातला बाजार आणि काचा लावलेला एसी हॉल यांना एकाच ठरावात बांधू नका. धोका चार गोष्टींनी वाढतो: छप्पर, गर्दी, वेळ आणि आवाज. मोठ्याने बोलणं, गाणं, जयघोष यांत तोंडातून कण जास्त बाहेर पडतात. लग्नाचा बंद हॉल, जिम, भजनाची बंद खोली वर. भाजीचा हातगाडा, शेतातलं काम, बांधकामाची उघडी जागा खाली.

वेळ कमी करणं हा सगळ्यांत सोपा आणि बऱ्याचदा उलटा पडणारा उपाय आहे. दिवसाला ३०० गिऱ्हाइकं १२ तासांत येत असतील तर तासाला २५. तीच सात तासांत आली तर ४३. जीवनावश्यक दुकानाचे तास वाढवा, एका वेळी आत किती जण हे ठरवा. गर्दी टळते ती त्याने.

खर्चाच्या रकान्यात घाई करू नका. २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा झाली आणि बाराला देश बंद झाला, चार तासांत. गाड्या बंद, काम बंद, माणसं चालत निघाली. ८ मे २०२० ला पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळकडे निघाले होते. निर्बंधाची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी आणि घरी जायची सोय आधी करावी, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागू नये. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांसोबत राज्याने ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली, त्यात रिक्षाचालक, फेरीवाले, बांधकाम कामगार, घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. ती चार तासांच्या बंदपेक्षा कितीतरी बरी रीत, पण ज्यांची नोंद होती त्यांच्यासाठीच. सभेआधी आपल्या भागातल्या नोंद नसलेल्यांची यादी करा. ती आशाताईंकडे किंवा रेशन दुकानदाराकडे अर्धी तयार असते.

शाळेचा खर्च रुपयांत येत नाही म्हणून तो रकान्यातून गळतो. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा मधल्या थोड्या काळाचा अपवाद वगळता ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या, आणि तेव्हाही ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासूनच. पहिलीत नाव घातलेलं मूल दुसरीत गेलं तरी त्याने वर्ग पाहिला नव्हता. बिअर बार उघडे आणि शाळा बंद असा क्रम पुन्हा लागू नये. बंद करताना शाळा शेवटी, उघडताना पहिली.

आणि स्वीडन. कुणीतरी म्हणेलच की स्वीडनने काहीच बंद केलं नाही. हे अर्धवट आहे. तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालू राहिल्या हे खरं, पण मार्च २०२० मध्येच मोठ्या वर्गांचं शिक्षण घरून सुरू झालं आणि ५० हून जास्त माणसांच्या कार्यक्रमांवर बंदी आली. वृद्धाश्रमांत मात्र फार लोक गेले, आणि तिथल्या सरकारी आयोगानेच वृद्धांना वाचवण्यात अपयश आल्याचं म्हटलं. काही शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२० मध्ये काढलेल्या ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनाम्याची मागणी होती की म्हाताऱ्यांना जपा, बाकीच्यांना मोकळं सोडा. ती ऐकायला सोपी वाटते. सभेत एवढंच विचारा: आपल्याकडे आजी-आजोबा आणि कामावर जाणारा मुलगा एकाच दोन खोल्यांत राहतात, त्यांना वेगळं ठेवायला खोली कुठे आहे? समाजमंदिर रिकामं आहे का, जेवण कोण देणार? उत्तर मिळालं तर तो उपाय जरूर घ्या. नाही मिळालं तर ती नुसती घोषणा राहते.

मास्क: कोणता, कुणाच्या तोंडावर, कोणत्या खोलीत

‘विषाणू मास्कच्या भोकापेक्षा बारीक असतो’ हा दावा आधी निकालात काढा. एन-९५ ही चाळणी नाही. मधला थर वितळवून फुंकलेल्या बारीक तंतूंचा असतो आणि त्यावर स्थिर विद्युतभार असतो. फार बारीक कण सरळ जात नाहीत, नागमोडी भटकतात आणि तंतूला चिकटतात. मोठे कण वळू शकत नाहीत, आदळतात. पकडायला सगळ्यांत अवघड कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, आणि एन-९५ ची चाचणी नेमकी त्याच मापावर होते: किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. शिवाय विषाणू एकटा उडत नाही, थुंकीच्या कणात बसून येतो.

म्हणूनच एन-९५ साबणाने धुवायचा नसतो आणि त्यावर सॅनिटायझर मारायचा नसतो. भार जातो आणि उरतं कापड. पाच मास्क घ्या, पाच कागदी पिशव्यांवर वारांची नावं घाला, फिरवून वापरा. दोरी सैल झाली, ओला झाला, नाकाची पट्टी वाकेनाशी झाली की टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर ओल राहते.

मास्क फसतो तो कापडात नाही, कडेला. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहिली तर हवा सोपी वाट धरते. तपासायची रीत: मास्क घाला, पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावर दाबा, चिमटीने नव्हे, चिमटीत मधे टोक येतं. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली किंवा चष्म्यावर वाफ आली तर फट आहे. डोक्यामागून जाणारे पट्टे कानात अडकवणाऱ्यांपेक्षा घट्ट बसतात. दाढीवर कोणताही एन-९५ नीट बसत नाही. झडपेचा मास्क घेऊ नका: तो आत येणारी हवा गाळतो, बाहेर जाणारी तशीच सोडतो, आणि केंद्रानेही जुलै २०२० मध्ये त्याविरुद्ध सूचना दिली होती. विकत घेताना आयएस ९४७३ हा मानक क्रमांक पाहा.

तीन पदरी सर्जिकल त्याखालोखाल, सुती कापडाचा त्याच्याही खाली. ‘मास्कने ऑक्सिजन कमी होतो’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. पल्स ऑक्सिमीटर आणा, सभेतच त्यांच्या बोटाला लावा, आकडा लिहा, मास्क घालून वीस मिनिटं बसू द्या, पुन्हा मोजा. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांवर हा प्रयोग करू नका, त्यांना ठरावात सूट द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क कधीच नाही.

आता अभ्यास, कारण दोन्ही बाजू तेच फेकतात. डेन्मार्कमध्ये एप्रिल-मे २०२० मध्ये सुमारे ६,००० लोकांवर प्रयोग झाला. मास्क घालायला सांगितलेल्यांत १.८ टक्के बाधित, न सांगितलेल्यांत २.१ टक्के. फरक इतका लहान की परिणाम ४६ टक्के घट ते २३ टक्के वाढ यांत कुठेही असू शकतो. म्हणजे प्रयोगाने ‘मास्क निरुपयोगी’ सिद्ध केलं नाही आणि ‘उपयोगी’ही नाही. शिवाय त्याने फक्त घालणाऱ्याचं रक्षण मोजलं, समोरच्याचं नाही. बांगलादेशात ६०० गावांत सुमारे ३.४ लाख प्रौढांवर मोठा प्रयोग झाला. मास्क वापर १३ वरून ४२ टक्क्यांवर गेला आणि लक्षणांसह खात्रीचा संसर्ग साधारण ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्कच्या गावांत साठीपुढच्यांमध्ये घट सुमारे ३५ टक्के, कापडी मास्कचा परिणाम स्पष्ट दिसला नाही. हे सगळं अर्ध्याहून जास्त लोक मास्क घालत नसताना. ‘९ टक्के’ म्हणजे ०.७६ वरून ०.६८ टक्के, हेही सांगा. लपवलं तर समोरचा सांगेल आणि मग तुमचं बाकी काही ऐकलं जाणार नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या जानेवारी २०२३ च्या आढाव्याचा आधार घेऊन ‘मास्क चालत नाही हे सिद्ध झालं’ असं कुणी म्हणालं तर त्या संस्थेच्या मुख्य संपादकांनीच मार्चमध्ये केलेला खुलासा सांगा: तो अर्थ चुकीचा आहे, पुरावा अपुरा आहे.

यातून ठरावाला काय घ्यायचं? नीट बसलेला चांगला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, यात फार वाद नाही. वाद आहे तो सगळ्यांना सांगितल्याने सगळे नीट घालतात का, याचा. तिथे बांगलादेशचा अनुभव सोन्यासारखा आहे: फुकट मास्क दारात नेऊन देणं, बाजारात हाताने देऊन आठवण करणं आणि गावच्या मानाच्या माणसांनी आधी स्वतः घालणं, याने वापर वाढला. मोबाईलवरचे संदेश आणि गावाला बक्षीस यांनी वर भर पडली नाही. मुंबईत २०० रुपये दंड होता, आणि दंड घेणारे व लोक यांच्यात रोज हमरीतुमरी. १,२०० प्रौढांच्या गावाला तीन पदरी मास्क प्रत्येकी दोन म्हणजे २,४००. राज्याने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवलेल्या ४ रुपये दराने ९,६०० रुपये. साठीपुढच्यांना, आशाताईंना, दुकानदार आणि बस-रिक्षाचालकांना मात्र एन-९५ द्या. मोकळ्या रस्त्यावर एकट्या चालणाऱ्याला अडवू नका. त्याने साथ थांबत नाही, फक्त मास्कवरचा राग वाढतो.

सभा चालवताना

पहिली दहा मिनिटं आदेश आणि तीन आकडे. मग प्रत्येकाला तीन मिनिटं, मोबाईलच्या घंटीवर. आधी रोजंदारीवाले, मग आजारी घरांतले, मग दुकानदार, शेवटी पदाधिकारी. सरपंच किंवा अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच मागे जातात. फळ्यावर तीन रकाने: ‘माहीत आहे’, ‘अंदाज आहे’, ‘आपण ठरवायचं आहे’. ऑक्सिजनचे किती बेड भरले हे पहिल्यात. बाजार हलवल्याने किती फरक पडेल हे दुसऱ्यात. आजोबांचा जीव आणि दुकानाचा हप्ता यांत किती झळ कुणी सोसायची, हे तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्यावर डॉक्टरांचा निकाल चालत नाही आणि पहिल्या रकान्यावर मतदान चालत नाही. सभा बिघडते ती बहुधा हे दोन उलटे केल्याने.

लाज वाटल्याने न बोलणारे असतात. आधीच कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव न घालता एक प्रश्न लिहायला सांगा. ‘घरी क्वारंटाइन झालो तर मजुरी कोण देईल’ हा प्रश्न चिठ्ठीतच येतो. ‘अमुक मोहल्ल्यामुळे पसरलं’ असं कुणी बोललं तर तिथेच थांबवा आणि विचारा: कोणती जागा, किती माणसं, छप्पर होतं का? साथ पसरते ती जागेने.

ठराव असा लिहा: ‘पुढील तीन आठवडे शनिवारचा बाजार मुख्य रस्त्याऐवजी शाळेच्या मैदानावर भरेल, सकाळी ७ ते संध्याकाळी ६. दोन दुकानांत सहा फूट अंतर. जागांचे क्रमांक चिठ्ठी टाकून गुरुवारी ठरतील. पंचायत कार्यालय, रेशन दुकान आणि उपकेंद्रात मास्क आवश्यक. नसेल त्याला दारात मोफत मिळेल, कुणालाही परत पाठवले जाणार नाही. श्वासाचा त्रास असलेल्यांना सूट. लग्न मैदानात किंवा मांडवाच्या बाजू उघड्या ठेवून. शाळा चालू, खिडक्या उघड्या. नोंद नसलेल्या मजुरांच्या घरांना १५ किलो धान्य पंचायतीकडून. तालुक्याची पॉझिटिव्हिटी सलग दोन आठवडे ५ टक्क्यांखाली व ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांखाली गेल्यास ठराव आधीच उठेल. तीन आठवड्यांनी तो आपोआप संपेल. पुढे चालवायचा असल्यास नव्याने मतदान.’

शेवटची दोन वाक्यं कुणी काढू देऊ नका. संपण्याची तारीख नसलेला निर्बंध लोक पहिल्या आठवड्यात पाळतात आणि तिसऱ्यात मोडतात, मग खरी लाट येते तेव्हा काही सांगायला तोंड उरत नाही. चिठ्ठीने जागा ठरवण्याचं वाक्यही ठेवा, नाहीतर वजनदार माणसांची दुकानं फाटकाशी आणि भाजीवाली मागच्या भिंतीला.

इतिवृत्तात विरोधी मतं त्यांच्या कारणांसह नोंदवा, नुसतं ‘बहुमताने मंजूर’ नको. ठरावाची प्रत तहसील कार्यालय, आरोग्य केंद्र आणि शाळेत त्याच दिवशी द्या, एक बाजाराच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत चिकटवा, आणि तिच्याखाली दर शुक्रवारी तीन आकडे हाताने भरायला रिकामे चौकोन ठेवा.